अतिथी की हक्कदार? प्रकल्प-व्यवस्थापन प्रणालींतील प्रवेशाधिकारांचा इतिहास आणि ढाणकी परिसरातील रोजगार हमीचे दप्तर

प्रस्तावना

अनेकांनी मिळून करावयाच्या कामाची नोंद एका जागी ठेवावयाची म्हटली की तीन प्रश्न ओघानेच उपस्थित होतात. ती नोंद लिहावयाची कोणी, पाहावयाची कोणी, आणि लिहिलेले चुकीचे आहे असे वाटल्यास तसे सांगावयाचे कोठे? संगणकाच्या परिभाषेत पहिल्या दोन प्रश्नांना प्रवेशाधिकारांचे व्यवस्थापन म्हणतात. प्रकल्प-व्यवस्थापनाच्या आजच्या संगणकप्रणालींत मालक, प्रशासक, सदस्य आणि अतिथी अशी एक उतरंड असते. अतिथी म्हणजे संस्थेबाहेरचा, एखाद्या कामापुरता बोलावलेला मनुष्य. त्याला ठरावीक पाने दिसतात, क्वचित शेरा लिहिता येतो. परंतु नोंद बदलता येत नाही, पुसता येत नाही आणि दुसऱ्या कोणाला आत घेता येत नाही. तिसऱ्या प्रश्नाकडे मात्र या परिभाषेने पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही.

प्रस्तुत निबंधाचा विषय या उतरंडीचा इतिहास हा आहे. तथापि तो केवळ अमेरिकेतील प्रयोगशाळांच्या व कंपन्यांच्या आधारे मांडलेला नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकी आणि तिच्या आसपासची पैनगंगाकाठची गावे हे त्याचे दुसरे टोक आहे. या गावांत दोन मोठी सामूहिक दप्तरे चालत आली : एक जमिनीचे व दुसरे रोजगार हमीच्या कामांचे. दुसरे दप्तर २००६ नंतर एका देशव्यापी संगणकप्रणालीत गेले. कामाची मागणी, मंजुरी, अंदाजपत्रक, हजेरी, मोजमाप आणि मजुरीचे वितरण या सर्व पायऱ्या हाताळणारी ती प्रणाली म्हणजे, नाव काहीही असो, एक अवाढव्य प्रकल्प-व्यवस्थापन प्रणालीच होती. जिच्यासाठी हा सारा पसारा मांडला ती मजूर स्त्री त्या प्रणालीत कोणत्या पायरीवर उभी होती, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

पाहणे आणि लिहिणे : संगणकातील विभागणी

एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची सोय मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९६१ साली फर्नांडो कोर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविली. 'सीटीएसएस' या नावाने ती प्रणाली ओळखली जाते. तोपर्यंत यंत्र एका वेळी एकाचे असे. त्यामुळे कोणाची धारिका कोणी पाहावी हा प्रश्नच नव्हता. एक यंत्र अनेकांचे होताच परवलीचा शब्द आला आणि त्याबरोबर त्याची फजितीही आली. १९६६ च्या सुमारास दोन धारिकांची अदलाबदल होऊन प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाच्या पुढ्यात त्या दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादी छापून आली. प्रवेशाधिकारांच्या इतिहासाचा हा आरंभ बोधप्रद आहे.

त्याच संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत याच्या अगदी उलट परंपरा वाढली. तेथील प्रणालीत दीर्घकाळ परवलीचा शब्दच नव्हता. बाहेरचे हौशी लोक, बहुधा रात्री, यंत्र मोकळे असताना, दूरस्थ जोडणीने आत येत. प्रयोगशाळेचे लोक त्यांना 'पर्यटक' म्हणत आणि त्यांच्यासंबंधीचे धोरणही पुढे लिहून ठेवलेले होते. संगणकयुगातील अतिथी प्रथम भेटतो तो येथे. त्याच्यावर विश्वास होता, परंतु हक्क मात्र काहीच नव्हता. यजमानाची मर्जी संपली की त्याचा प्रवेश संपे. पुढे आंतरजालावर धारिका खुल्या ठेवण्याची प्रथा रूढ झाली तेव्हा 'अनामिक' या नावाने येणाऱ्याने परवलीचा शब्द म्हणून 'गेस्ट' असे लिहावे हा शिष्टाचारच पडला. नाव न सांगता या, पाहा, न्या. हात मात्र लावू नका, असा त्याचा अर्थ.

या दोन टोकांमधील व्यवस्था 'मल्टिक्स' (१९६५ पासून) आणि 'युनिक्स' (१९६९ पासून) या प्रणालींनी घडविली. मल्टिक्समध्ये प्रत्येक धारिकेसोबत कोणाला काय करता येईल याची यादी असे. युनिक्सने ती यादी आखूड करून मालक, गट आणि इतर असे तीनच वर्ग केले आणि प्रत्येकाला वाचणे, लिहिणे व चालविणे या तीन परवानग्या वेगवेगळ्या देता येतील अशी सोय केली. पाहण्याचा अधिकार आणि लिहिण्याचा अधिकार हे दोन स्वतंत्र अधिकार आहेत, हे तत्त्व येथे इतके साधे झाले की पुढील पिढ्यांना ते निसर्गनियमासारखे वाटू लागले. १९७५ साली जेरोम साल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनी संगणकीय माहितीच्या संरक्षणाविषयीच्या सुप्रसिद्ध लेखात 'किमान अधिकारा'चे तत्त्व मांडले. त्यानुसार ज्याला जेवढे काम, तेवढीच परवानगी द्यावी. १९९२ साली डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कून यांनी परवानगी व्यक्तीला न देता हुद्द्याला द्यावी, ही कल्पना औपचारिक स्वरूपात मांडली. मनुष्य बदलला तरी हुद्दा तोच राहतो. म्हणून किल्ली हुद्द्याची.

प्रकल्प-व्यवस्थापनाची साधने या इतिहासात उशिरा आली. हेन्री गँट यांचे तक्ते विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील. द्यूपाँ कंपनीची 'क्रिटिकल पाथ' पद्धती १९५७ ची. अमेरिकन नौदलाच्या पोलारिस प्रकल्पातील 'पर्ट' १९५८ ची. ही सर्व नियोजकाच्या टेबलावरची साधने होती. १९८४ साली आलेला मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टदेखील एका माणसाच्या संगणकावर चालणारा कार्यक्रम होता. तक्ता कोणाला दाखवावयाचा असल्यास तो छापून भिंतीवर लावीत. आंतरजालावरील साधने आल्यावर, विशेषतः २००४ च्या 'बेसकॅम्प'नंतर, ग्राहकालाच कामाच्या पानावर बोलावण्याची रीत पडली आणि अतिथीच्या परवानग्यांचा प्रश्न रोजचा झाला. ग्राहकाला प्रगती दिसावी, पण आपसांतील वाद दिसू नयेत. कंत्राटदाराला त्याचे काम दिसावे, दुसऱ्याचा दर दिसू नये, अशा त्या गरजा होत्या. त्यात व्यापारी हिशेबही मिसळला. अनेक कंपन्या दर सदस्यामागे शुल्क आकारीत आणि अतिथीस विनाशुल्क वा अल्पशुल्कात प्रवेश देत. त्यामुळे कोणाला सदस्य करावयाचे आणि कोणाला अतिथी ठेवावयाचे, हे कामाच्या स्वरूपापेक्षा देयकावर ठरू लागले. काम संपल्यावर अतिथीचा प्रवेश काढून घ्यावयाचे राहून जाणे, हा या व्यवस्थेचा सर्वांत सामान्य दोष मानला गेला.

या संपूर्ण परंपरेत एक गृहीत आहे. नोंद ज्याची आहे तो मालक यजमान, आणि बाहेरून येणारा त्याच्या कृपेने आत येतो. सार्वजनिक दप्तराला हे गृहीत लागू पडते काय? या प्रश्नासाठी वऱ्हाडात यावे लागते.

पटवाऱ्याचे दप्तर आणि हरकतीचा रकाना

ढाणकी हे उमरखेड तालुक्याच्या दक्षिण भागातील बाजाराचे गाव. पैनगंगेच्या पलीकडे नांदेड जिल्हा लागतो. ही नदी दीर्घकाळ दोन राज्यकारभारांची सीमा होती. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. नावापुरते स्वामित्व निजामाकडे राहिले. नदीच्या दक्षिणेचा मुलूख प्रत्यक्षातही निजामाचाच होता. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला. १९०५ च्या फेररचनेत वाशीम जिल्हा मोडून त्याचा पुसद तालुका यवतमाळ जिल्ह्यास मिळाला. उमरखेडचा परिसर तेव्हा पुसद तालुक्यातच होता. थोडक्यात, एकाच शिवारातील नोंदी कोणत्या कचेरीत जावयाच्या हे येथे वारंवार बदलले. गावातील लिहिणारा मात्र तोच राहिला.

तो लिहिणारा म्हणजे पटवारी. विदर्भात आजही तलाठ्याला लोक पटवारीच म्हणतात. वऱ्हाडात १८६० च्या दशकापासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली आणि गावचे दप्तर निश्चित नमुन्यांत बांधले गेले. त्या दप्तरात लिहिण्याचा अधिकार पटवाऱ्याचा, त्याच्यासोबत गावाची जबाबदारी पाटलाची, आणि तपासणीचा अधिकार तालुक्याच्या कचेरीचा. आजच्या भाषेत, हुद्द्याला बांधलेली परवानगी. फरक एवढाच की वऱ्हाडात ही पदे वतनी होती, म्हणजे परवानगी हुद्द्याला असली तरी हुद्दा घराण्याला होता. फेराइओलो आणि कून यांनी असा प्रकार विचारात घेतलेला नाही! लिहिता येणारी घराणी थोडी, आणि दप्तर त्यांच्या घरात. अशा व्यवस्थेत पाहण्याचा अधिकार कागदावर असला तरी निरक्षर कुळाच्या दृष्टीने तो वाचून दाखविणाऱ्याच्या मर्जीवर होता.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील एक तरतूद लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. कलम १५० नुसार तलाठ्याने फेरफार नोंदवहीत नोंद करताच तिची संपूर्ण प्रत चावडीतील ठळक जागी लावावयाची आणि हितसंबंधितांना लेखी कळवावयाचे. कोणी हरकत घेतली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घ्यावयाची आणि हरकत घेणाऱ्यास लेखी पोच द्यावयाची. त्यानंतर वरिष्ठ अधिकाऱ्याने चौकशी करून नोंद प्रमाणित करावयाची. तोपर्यंत ती नोंद कच्चीच राहते. कलम ३२७ ने नकाशे व भूमी अभिलेख पाहणीसाठी खुले ठेवले आहेत, ही वेगळी गोष्ट.

वाचणे आणि लिहिणे या दोन परवानग्यांच्या मध्ये येथे एक तिसरी परवानगी आहे. शेतकरी फेरफार लिहू शकत नाही, बदलू शकत नाही; परंतु आपल्या विरोधाची नोंद करून घेण्यास तलाठ्यास भाग पाडू शकतो, आणि त्या विरोधाचा निकाल लागल्याशिवाय नोंद पक्की होत नाही. हा अतिथीचा शेरा नव्हे. शेरा दुर्लक्षिता येतो, हरकत दुर्लक्षिता येत नाही. प्रत्यक्षात नोटिशी चावडीऐवजी तलाठ्याच्या पिशवीत राहिल्याची गाऱ्हाणी ग्रामीण महाराष्ट्रात सर्वश्रुत आहेत. परंतु त्या गाऱ्हाण्याला आधार म्हणून कलम आहे, हे महत्त्वाचे. पुढे ई-फेरफार प्रकल्पात हेच दप्तर संगणकावर गेले, तेव्हा चावडीची जागा 'आपली चावडी' या संकेतस्थळाने घेतली आणि कच्च्या फेरफारांच्या नोटिसा तेथे कोणालाही दिसू लागल्या. कागदावरच्या दप्तरातील तिसरी परवानगी संगणकातही उतरली, कारण ती कायद्यात लिहिलेली होती.

मस्टर कोणाचे?

रोजगार हमीचे दप्तर या मानाने नवे. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकारास आलेल्या योजनेला १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे रूप मिळाले आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. कोरडवाहू कापूस-ज्वारीच्या या पट्ट्यात नाला-बांध, पाझर तलाव, रस्ते अशी कामे या योजनेतून झाली. या दप्तराचा गाभा म्हणजे हजेरीपत्रक, बोलीत, मस्टर. मस्टर हजेरी घेणाऱ्याच्या हातात, मोजमाप पुस्तिका अभियंत्याच्या हातात, आणि मजुरी या दोहोंच्या मेळावर अवलंबून. पाहणीचा अधिकार तपासणी पथकांना होता, विधिमंडळाच्या रोजगार हमी योजना समितीला होता. खड्डा खणणाऱ्याला मात्र आपल्या नावापुढे किती दिवस मांडले आहेत हे विचारूनच कळे. अंगठा उठविणाऱ्याने कशावर अंगठा उठविला, हा प्रश्न त्या काळात सभागृहात विचारला जाई, कामावर नव्हे.

मस्टर पाहण्याचा अधिकार हा हक्क म्हणून मागितला गेला तो शेजारच्या राज्यात नव्हे, दूर राजस्थानात. राजसमंद जिल्ह्यातील देवडुंगरी येथे १९९० साली स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ पासून जनसुनवाया घेतल्या. त्यात कामांची कागदपत्रे गावासमोर वाचून दाखविली जात. १९९६ साली ब्यावर येथे चाळीस दिवसांचे धरणे झाले. मागणी साधी होती : मस्टरच्या प्रती द्या. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनाने माहितीच्या अधिकाराचा राज्य कायदा पुढे रेटला आणि २००५ मध्ये केंद्रीय कायदा झाला. त्याच्या कलम ४ ने एक पाऊल पुढे टाकले. लोकांनी अर्ज करून माहिती मागावी लागू नये इतकी माहिती शासनाने स्वतः होऊन प्रसिद्ध करावी, असे ते कलम सांगते. प्रवेशाधिकाराच्या इतिहासात या घटनेचे स्थान वेगळे आहे. येथे पाहण्याची परवानगी यजमानाने दिलेली नाही. ती पाहुणा समजल्या गेलेल्याने घेतली आहे.

त्याच वर्षीच्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमात मात्र दोन्ही वृत्ती शेजारी शेजारी आढळतात. कलम १७ ने ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार दिला. पहिल्या अनुसूचीने मात्र मस्टरची प्रत ग्रामपंचायत व कार्यक्रम अधिकाऱ्याच्या कार्यालयात ठेवून, ती हितसंबंध असलेल्या कोणाही व्यक्तीस ठरावीक शुल्क भरून पाहता येईल असे म्हटले. ज्याच्या घामाची ती नोंद, त्यानेही शुल्क भरणारा 'हितसंबंधी' म्हणून यावे! ग्रामसभेत मालक, कार्यालयात अतिथी.

संगणकातील हुद्दे

२ फेब्रुवारी २००६ रोजी योजना देशातील पहिल्या २०० जिल्ह्यांत सुरू झाली. महाराष्ट्रातील अशा १२ जिल्ह्यांत यवतमाळ होता. पैनगंगेपलीकडचा नांदेडही होता. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेल्या 'नरेगासॉफ्ट' या प्रणालीत हळूहळू सर्व कामकाज आले. महाराष्ट्राची एक विशेष बाब येथे नमूद केली पाहिजे. अन्य अनेक राज्यांत गटविकास अधिकारी हाच कार्यक्रम अधिकारी होता. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या जुन्या परंपरेमुळे तहसीलदार कार्यक्रम अधिकारी आणि गटविकास अधिकारी सह-कार्यक्रम अधिकारी अशी जोडी राहिली. ढाणकीच्या मजुराचे काम कोणत्या यंत्रणेमार्फत होत आहे, यावर त्याचे मस्टर उमरखेडच्या कोणत्या कार्यालयातून निघणार हे ठरे. गावात लिहिणारा ग्राम रोजगार सेवक, तालुक्याला संगणक चालक, वर दोन हुद्दे आणि त्यांचे दोन परवलीचे शब्द, अशी ती रचना.

या प्रणालीने केलेली एक सुधारणा निर्विवाद आहे. ई-मस्टर येण्यापूर्वी कोरे मस्टर कामावर जाई व नावे नंतर भरता येत. ई-मस्टरमध्ये काम मागितलेल्या मजुरांचीच नावे छापून येत. हाताने भर घालता येत नसे. निधी हस्तांतरणाच्या आदेशावर पहिल्या व दुसऱ्या अशा दोन अधिकाऱ्यांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागत. एकट्याच्या हाती तिजोरी राहिली नाही. किमान अधिकाराचे तत्त्व म्हणतात ते हेच. हुद्देदाराचा परवलीचा शब्द त्याच्या संगणक चालकाजवळ असणे ही सरकारी कार्यालयांत अपरिचित गोष्ट नव्हे, हा भाग निराळा.

दुसरी सुधारणा याहून मोठी वाटते. प्रणालीतील अहवाल कोणत्याही परवलीच्या शब्दाशिवाय सर्वांना खुले होते. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत असे खाली उतरत गेले की एकेका कुटुंबाचे जॉबकार्ड, एकेका मस्टरचा क्रमांक, त्यातील हजेरी आणि जमा झालेली रक्कम दिसे. ब्यावरला चाळीस दिवस बसून जे मागितले गेले ते आता जगात कोठूनही पाहता येत होते. जगातील कोणत्याही प्रकल्प-व्यवस्थापन साधनाने आपल्या अतिथीला इतके दाखविले नसेल.

परंतु दाखविणे येथेच थांबले. मस्टरवरील सहा दिवसांऐवजी चार दिवस मांडले गेले असे मजुराला संकेतस्थळावर, किंवा गावातील शिकलेल्या मुलाच्या मोबाइलवर, दिसले तरी त्या नोंदीशेजारी 'हरकत' असा शब्द उमटविण्याची सोय नव्हती. तक्रार नोंदविण्यासाठी वेगळी खिडकी होती, तक्रार निवारण अधिकारी होता, कायद्यात मुदतही होती. मात्र तक्रार एका वहीत आणि नोंद दुसऱ्या वहीत. नोंद पाहणाऱ्या पुढच्या माणसाला ती वादग्रस्त आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता; वाद मिटेपर्यंत ती कच्ची राहण्याचा तर प्रश्नच नव्हता. याच उमरखेड तालुक्यात, याच गावच्या दुसऱ्या दप्तरात, दोन गुंठ्यांच्या फेरफाराला जी सोय होती ती दोन दिवसांच्या मजुरीला नव्हती. जमीन असणाऱ्याला हरकतीचा रकाना आणि जमीन नसणाऱ्याला केवळ पाहण्याची खिडकी, असा हा भेद आहे. तो कोणी मुद्दाम केला असे दिसत नाही. भूमी अभिलेखाचा संगणकीय आराखडा कायद्यातील नमुन्यांवरून तयार झाला, तर मजुरीचा आराखडा देखरेखीच्या अहवालांवरून. वर माहिती पाठविणे हे दुसऱ्याचे मूळ प्रयोजन. खालून येणारा शब्द त्यात बसविण्यास जागाच ठेवलेली नव्हती.

पुसण्याचा अधिकार

या उणिवेचे मोल २०२२ नंतर दिसू लागले. आधार क्रमांकावर आधारित मजुरी वितरणाची सक्ती जवळ येऊ लागली तशी (ती १ जानेवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झाली) मजुरांच्या यादीची साफसफाई वेगाने सुरू झाली. केंद्र शासनाने लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार २०२१-२२ मध्ये देशभरात सुमारे १ कोटी ४९ लाख मजुरांची नावे वगळली गेली होती. २०२२-२३ मध्ये ही संख्या सुमारे ५ कोटी १८ लाख झाली. वगळण्याच्या कारणांत बनावट कार्ड, दुबार कार्ड, मृत्यू, कुटुंबाचे स्थलांतर, आणि 'काम करण्यास इच्छुक नाही' ही कारणे होती.

शेवटचे कारण पुन्हा वाचावे लागते. इच्छा ही मजुराची. ती नाही अशी नोंद करण्याची परवानगी मात्र हुद्देदाराची. दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा शहरात बांधकामावर गेलेले कुटुंब गावी दिसले नाही तर ते स्थलांतरित की अनिच्छुक, हे पडद्यासमोर बसलेल्याने ठरवावयाचे. आपले नाव गेले आहे, हे त्या कुटुंबाला कळावयाचे ते पुढच्या वेळी नमुना ४ भरून काम मागितल्यावर. युनिक्सच्या त्या तीन परवानग्यांत पुसणे हे लिहिण्यातच सामावलेले होते, आणि प्रयोगशाळेत त्याने बिघडत नव्हते. माणसांच्या हक्कांच्या यादीत पुसणे ही स्वतंत्र आणि सर्वांत जड परवानगी आहे. ती लिहिण्याच्या परवानगीबरोबर आपोआप देऊन टाकणे ही रचनेतील चूकच म्हणावी लागेल. २०२५ च्या आरंभी ग्रामविकास मंत्रालयाने वगळणीची कार्यपद्धती ठरविताना वगळावयाच्या कार्डांची कच्ची यादी आधी प्रसिद्ध करून ग्रामसभेत पडताळावी अशी अट घातली. १९६६ च्या संहितेतील चावडीवरची नोटीस अशा रीतीने तब्बल सहा दशकांनी मजुराच्या दप्तरात आली. परंतु आली ती परिपत्रकाने, कायद्याने नव्हे.

हजेरीच्या मोबाइल प्रणालीची कथा याच अंगाने जाते. २०२१ पासून प्रयोगादाखल आणि १ जानेवारी २०२३ पासून सर्व सामूहिक कामांवर, दिवसातून दोनदा मजुरांचे स्थळनिर्देशित छायाचित्र घेणे बंधनकारक झाले. ही छायाचित्रेही संकेतस्थळावर सर्वांना दिसत. जुलै २०२५ मध्ये मंत्रालयानेच राज्यांना कळविले की असंबद्ध छायाचित्रे चढविणे, छायाचित्राचेच छायाचित्र काढणे असे प्रकार आढळले आहेत. सर्व जगाला दिसणाऱ्या नोंदीत हे घडत होते. ज्यांना दिसत होते त्यांच्यापाशी पाहण्याखेरीज दुसरी परवानगी नव्हती, आणि ज्यांच्यापाशी परवानगी होती त्यांना पाहण्यास सवड नव्हती.

नगरपंचायतीची हद्द

ढाणकीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. ग्रामपंचायत असलेले हे गाव नगरपंचायत झाले. २००५ च्या अधिनियमात ग्रामीण क्षेत्राची व्याख्या अशी आहे की नागरी स्थानिक संस्थेच्या वा कटक मंडळाच्या हद्दीत येणारे क्षेत्र त्यातून वगळले जाते. त्यामुळे गावचा दर्जा बदलताच केंद्रीय हमीच्या दृष्टीने तेथील मजूर कुटुंब ग्रामीण राहिले नाही. तिच्या हातातील कोयता तोच, शिवार तेच, दिवाळीनंतरची वाट तीच. प्रणालीच्या उतरंडीत मात्र ज्या ग्रामपंचायतीच्या खाली तिचे कार्ड लावलेले होते ती पायरीच गेली.  ग्रामसभेचे अंकेक्षणही ग्रामसभेबरोबर गेले, कारण नगरपंचायतीला ग्रामसभा नसते. १९०५ साली जिल्हा बदलला तेव्हा ढाणकीच्या शेतकऱ्याचे दप्तर वाशीमहून यवतमाळला गेले, परंतु त्यातील नाव राहिले. आताही नगरपंचायतीच्या हद्दीतील सातबारा तलाठ्याकडे पूर्ववत चालू आहे, त्यावरील फेरफाराची नोटीस 'आपली चावडी'वर लागते आणि हरकत घेता येते.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या अधिनियमाची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात कामाचे दिवस १०० वरून १२५ करण्यात आले असून जैवमापन ओळख आणि डिजिटल देखरेख यांवर अधिक भर आहे. त्या कायद्याखालील प्रणालीचे नमुने, हुद्दे आणि परवानग्या ठरविण्याचे काम होत असताना हजेरीच्या रकान्याशेजारी हरकतीचा रकाना असावा की नसावा, हा प्रश्न संगणकतज्ज्ञांपेक्षा नियम लिहिणाऱ्यांच्या टेबलावर अधिक आहे. आणि नियम लिहिणाऱ्यांसमोर महसूल संहितेचे कलम १५० उघडेच आहे.